इंग्रजी शब्दांची दावण

परभणी, १८ जून २०२४

दादा,

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला वसतिगृहात मोठ्याने रडता येत नाही, म्हणून हे पत्र.

हैदराबादच्या बियाणे संस्थेच्या फेलोशिपचा निकाल लागला. शेतीच्या पेपरात मी पहिल्या विसात आले आणि इंग्रजी लेखनात नापास झाले. ही परीक्षा दोनदाच देता येते, म्हणजे येत्या डिसेंबरची शेवटची.

माझी उत्तरं आठवून पुन्हा लिहिली आणि इथल्या इंग्रजीच्या मॅडमना दाखवली. त्या म्हणाल्या, शब्द बरोबर आहेत, व्याकरणही बरोबर आहे, पण असं कुणी लिहीत नाही. मी पावसाला 'स्ट्रॉन्ग' म्हटलं होतं. वारा स्ट्रॉन्ग असतो, पाऊस हेवी असतो. का, विचारलं, तर म्हणाल्या, का ते नाही, तसंच आहे. औपचारिक लिखाणात प्रत्येक इंग्रजी शब्दाचा सोबती ठरलेला असतो, आणि ज्यांच्या घरात इंग्रजी बोललं जातं त्यांना तो कानाने कळतो.

आपल्या घरात कोण बोलणार? तुम्ही की दादी? शब्दकोशात एकेका शब्दाचा अर्थ मिळतो, सोबती मिळत नाही. मला वाटतं आता पुरे झालं. बापूंना अजून सांगू नका.

तुमची निता

*

तांडा, गोरेगावजवळ, जि. हिंगोली, २७ जून २०२४

नितू,

तुझे पत्र तीन वेळा वाचले. पहिल्यांदा वाटले तू आजारी आहेस. दुसऱ्यांदा वाटले कोणी तुला बोलले. तिसऱ्या वेळी समजले. तरी काळजी जात नाही. वसतिगृहाचे पाणी उकळून पितेस ना? खोलीतला पंखा आवाज करतो असे मागे म्हणालीस, त्याच्या बरोबर खाली झोपू नकोस.

मी सातवी नापास माणूस. इंग्रजीची अक्षरे ओळखतो, अर्थ कळत नाही. पण तुझ्या मॅडमने जे सांगितले ते मला कळले. ते तर माझेच काम आहे.

आपले पूर्वज बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य घेऊन मुलूख फिरले. ते गेले, पण बैल ओळखणे आपल्या घरात राहिले. कोणाचा एक बैल मेला की तो उरलेल्याला जोड शोधायला मला बाजारात नेतो. नवीन माणूस काय चूक करतो? चांगला बैल बघतो. खांदा, खूर, दात, सगळे बघतो आणि घेऊन येतो. जुंपल्यावर गाडी आडवी जाते. दोन्ही बैल चांगले, पण जोडी नाही. काही बैल डावीकडेच चालतात, उजवीकडे जुंपले की बसतात. का, ते बैलाला विचारता येत नाही. तसेच आहे.

मग मी काय करतो? दावणीला मोकळे बांधतो आणि संध्याकाळी बघत बसतो. कोण कोणाच्या शेजारी आपणहून उभा राहतो? कोण कोणाचे अंग चाटतो? तीन वेळा शेजारी दिसल्याशिवाय मी त्याला जोडी म्हणत नाही. दोनदा दिसले तर तो योगायोग.

तू शब्दाचे दात बघत बसलीस. शेजारी बघ. एक वही कर. माझे चुकत असेल तर सोडून दे, म्हाताऱ्या आजोबाचे ऐकून नुकसान करून घेऊ नकोस.

थावरा रूपसिंग राठोड

*

परभणी, ९ जुलै २०२४

दादा,

खोलीतल्या मुलींना तुमचं पत्र वाचून दाखवलं. त्या हसल्या. मीही हसले. मग त्या झोपल्या आणि मी वही उघडली.

पण एक अडचण आहे. दिवसभर प्रयोगशाळेत असते. बघत बसायला वेळ कुठून आणू? आणि तुम्ही सांगता तसं तीन वेळा दिसायला पुष्कळ कागद वाचावे लागतील, तेही औपचारिक. सध्या वहीत अकरा जोड्या आहेत. परीक्षेला पाचशेही कमी पडतील.

नाही जमलं तर मनाला लावून घेऊ नका.

निता

*

तांडा, २० ऑगस्ट २०२४

नितू,

रागावू नकोस. तुला न विचारता एक काम केले आहे.

तुझ्याकडे वेळ नाही. माझ्याकडे वेळाशिवाय काहीच नाही. म्हणून घरातले आणि तांड्यातले इंग्रजी कागद गोळा केले. फवारणीच्या औषधांच्या डब्यांवरची पत्रके, बँकेच्या नोटिसा, खताच्या पोत्यांवरची छपाई, औषधाच्या बाटल्यांतले घडीचे कागद. जिवनबाईला, म्हणजे तुझ्या दादीला, वाटले माझे डोके फिरले.

"पोती काहून धुऊन राहिले?" ती म्हणाली.

"वाचाया लागतात."

"सातवीत वाचलं असतं तर मास्तर तरी खुश झाला असता!"

दर मंगळवारी जीपने हिंगोलीला जातो. घरी सांगितले आहे की डोळ्यांचा इलाज चालू आहे. ते अर्धे खरे आहे, डोळे दुखतातच. हिंगोलीत कचेरीबाहेर प्रेमानंद बसतो. तू त्याला पाहिले नसशील. शिरड शहापूरचा आहे, तीस वर्षे इंग्रजी टाइपिंग केले, आता झाडाखाली लोकांचे अर्ज लिहून देतो. त्याने जुन्या अर्जांच्या प्रतींचा गठ्ठा माझ्यासमोर टाकला आणि म्हणाला, "घे थावरा, चर."

अर्थ कळत नसल्यामुळे एक फायदा झाला. मला फक्त शेजार दिसतो. सोबत चौदा पाने आहेत. इंग्रजी अक्षरे चितारली आहेत, खाली उच्चार, अर्थ प्रेमानंदने सांगितला तो, आणि पुढे किती वेळा दिसली त्या रेघा. तीनपेक्षा कमी रेघा असलेली एकही जोडी घेतलेली नाही. 'स्ट्रिक्टली' दिसला की पुढे 'प्रोहिबिटेड'. 'नेसेसरी' च्या मागे 'टेक' आणि पुढे 'अ‍ॅक्शन', असा तिघांचा तांडाच चालतो. 'मेडिकल अ‍ॅडव्हाइस' च्या मागे नेहमी 'सीक'. 'डायरेक्ट' बरोबर 'सनलाइट' एकोणीस वेळा.

आणि एकावर लक्ष ठेव. 'कॉज' नावाचा शब्द आहे. प्रेमानंद म्हणाला, अर्थ घडवणे. अर्थात काही वाईट नाही. पण मी सत्तेचाळीस ठिकाणी त्याचा शेजार पाहिला. नुकसान, उशीर, खाज, गैरसोय, विषबाधा. एकदाही चांगल्या शब्दाजवळ उभा दिसला नाही. प्रेमानंदला दाखवले तर तो चष्मा काढून बसला. म्हणाला, तीस वर्षे टाइप केलं, माझ्या ध्यानात न्हाई आलं.

हा खोडीचा बैल आहे. याच्या दावणीला चांगले जनावर बांधू नकोस.

पत्र वजनाने जास्त झाले आहे. पोस्टात नीट तिकीट लावले की नाही याची काळजी वाटते.

थावरा

*

परभणी, २ सप्टेंबर २०२४

दादा,

तिकीट बरोबर होतं. चौदाही पानं मिळाली.

मॅडमना दाखवली. त्या उभ्या उभ्या वाचत होत्या, 'कॉज' वर आल्या आणि खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, ही गोष्ट भाषेचा अभ्यास करणाऱ्यांना संगणकावर लाखो वाक्यं चाळून सापडते. कोण आहेत हे? मी सांगितलं, माझे आजोबा, बैल जुळवतात.

एक गोष्ट लपवली होती ती सांगते. जूनमध्येच मी आश्रमशाळेच्या नोकरीचा अर्ज भरून ठेवला होता. परवा फाडून टाकला.

आता पुढचं सांगा. जोडी ठरली की तुम्ही लगेच पेरणीला जुंपत नाही ना?

निता

*

तांडा, १० सप्टेंबर २०२४

नितू,

अर्ज फाडलास? सगळा? एखादी प्रत तरी ठेवली आहेस का? माझ्या भरवशावर एवढे मोठे काम करू नकोस, मला झोप येत नाही.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर. आधी रिकाम्या गाडीला जुंपायचे. गाडी बिघडली तरी माल सांडत नाही, पण रस्ता खरा पाहिजे. तर रिकामी गाडी मी शोधली आहे. तांड्यातल्या शालूबाईने शिलाई मशीन मागवली होती, दक्षिणेतल्या कुठल्याशा कंपनीची. ती आली तेव्हाच चाक उलटे फिरत होते. फोन केला तर तिकडचा माणूस काय बोलतो ते हिला कळत नाही आणि हिचे त्याला. चार महिने मशीन कोपऱ्यात झाकून ठेवली आहे. तू इंग्रजीत अर्ज लिही. बिघडला तर शालूबाईचे काही जास्त जात नाही. कागद सोबत जोडले आहेत.

थावरा

*

तांडा, २१ ऑक्टोबर २०२४

नितू,

मशीन आली! नवी कोरी!

तुझा अर्ज जाऊन तेरा दिवस झाले होते. जीपवाला गुलाबचंद गोरेगावहून टपावर खोके घेऊन आला आणि तांड्याच्या तोंडापासूनच हॉर्न वाजवत राहिला. शालूबाईने खोके उघडण्याआधी त्याला कुंकू लावले. चाक फिरवले, सरळ फिरले. कंपनीने पत्रही पाठवले आहे. प्रेमानंदने मला वाचून दाखवले, त्यात माफी मागितली आहे. "झालेल्या गैरसोयीबद्दल" असे आहे आणि तिथे 'कॉज' आहे, मी त्याला लांबूनच ओळखला.

शालूबाई सगळ्यांना सांगत सुटली आहे, "थावराकाकाच्या नितानं मद्रासला चिठ्ठी धाडली अन् मद्रास हललं!" मी म्हणालो, अगं मद्रास न्हाई, एक कंपनी. ती म्हणाली, "कंपनी काय अन् मद्रास काय, हललं का न्हाई?"

आता सकाळपासून लोक कागद घेऊन दारात येतात. मी त्यांना परत पाठवतो. पोरीची परीक्षा आहे म्हणतो. अजून नऊ पाने सोबत आहेत.

थावरा

*

परभणी, २८ डिसेंबर २०२४

दादा,

पेपर झाला आणि निकालही लागला. पास! इंग्रजी लेखनात दुसरी!

पहिलाच प्रश्न अतिवृष्टीवरचा अहवाल होता. हात थांबला नाही. एक शब्द लिहिला की त्याचा सोबती आपणहून शेजारी येऊन उभा राहायचा. मी फक्त कासरा धरून होते.

पण अजून मुलाखत बाकी आहे. वीस जानेवारीला हैदराबादला. दहा जणांना बोलावलं आहे, चौघांना घेणार. मी बारा तारखेलाच निघते, मैत्रिणीकडे राहून तयारी करेन. दादीला सांगा, काही डबे पाठवू नका.

निता

*

तांडा, १४ जानेवारी २०२५

नितू,

माझ्या हातून मोठा घोटाळा झाला आहे. कसे सांगू कळत नाही. घरात कोणाला सांगितलेले नाही.

दहा जणांतून चार, हे वाचल्यापासून मला चैन पडेना. वाटले, बाकीच्यांचे बाप, काका साहेब असतील, त्यांच्यासाठी बोलतील. तुझ्यासाठी कोण बोलणार? तुला पाठवलेल्या तेवीस पानांच्या जोड्या माझ्या वहीत होत्याच. एकेक जोडी उचलली आणि संस्थेच्या मुख्य साहेबांना इंग्रजीत पत्र लिहिले. चार दिवस लागले. स्पीड पोस्टाने पाठवले.

मग आज मंगळवारी मोठ्या तोऱ्यात प्रेमानंदला प्रत दाखवली. तो वाचताना आधी हसला. मग त्याचा चेहरा उतरला.

"थावरा, हे तू पाठवलं?"

"व्हय. काहून? जोडी चुकली का?"

"जोड्या बराबर हायेत रे. पण अशा परीक्षेत कोणाची शिफारस गेली तर उमेदवार बाद करतात. नियम असतो तसा. पोरीनं सांगितलं न्हाई का?"

त्याने तुझ्या फेलोशिपच्या जाहिरातीचा कागद मोबाइलवर काढून दाखवला. शेवटून दुसरी ओळ. "बाहेरून कोणताही प्रभाव आणल्यास उमेदवारी रद्द."

नितू, साठ वर्षे लोकांचे बैल जुळवले, कोणाची गाडी उलटवली नाही. माझ्याच नातीची उलटवली.

त्या पत्रात काय आहे ते तुला माहीत असावे, म्हणून प्रेमानंदकडून मराठी अर्थ लिहून घेतला आहे: "मी याद्वारे जाहीर करतो की निता ही माझी नात आहे. तिच्याकडे तात्काळ लक्ष द्यावे. तिला थंड व कोरड्या जागी, थेट उन्हापासून दूर ठेवावे. काळजीपूर्वक हाताळावे. तिच्यापासून कोणतेही नुकसान होत नाही. तिला काही त्रास झाल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तसदीबद्दल दिलगीर आहोत."

ते विचारतील तर सरळ म्हण, मी या माणसाला ओळखत नाही. मला वाईट वाटणार नाही. खरोखर म्हण.

हे पत्र तुला वेळेवर मिळेल का? तू तर बारालाच निघालीस. पत्ता वसतिगृहाचाच आहे माझ्याकडे. फोन लावला, तुझा आवाज आला, पण मला काही कळले नाही, आणि दादी जवळ होती म्हणून बोलता आले नाही. नुसते "बरी आहेस ना" म्हणालो.

थावरा

*

परभणी, २४ जानेवारी २०२५

दादा,

तुमचं पत्र आज, परत आल्यावर, दाराच्या फटीत सापडलं. ते वाचून मी जितकी हसले तितकी रडलेही. खरं तर त्यातलं सगळं मला आधीच कळलं होतं, वीस तारखेला, मुलाखतीच्या खोलीत.

शेवटपासून सांगते म्हणजे तुम्हाला धाप लागणार नाही. माझी निवड झाली. चौघांत पहिली.

आता पहिल्यापासून. समोर पाच जण होते. मधल्या बाई पांढऱ्या केसांच्या, त्याच संस्थेच्या प्रमुख. अर्धा तास बियाण्यांवर प्रश्न झाले, छान झाले. मग एका सरांनी माझा इंग्रजीचा पेपर काढला. म्हणाले, शेणखतामुळे पीक चांगलं आलं, हे लिहिताना जवळजवळ सगळ्यांनी 'कॉज' वापरला. तुम्ही तो पूर्ण पेपरात फक्त पुराच्या नुकसानीला वापरलात. हे मुद्दाम की नकळत?

मी म्हणाले, "मुद्दाम, सर. तो खोडीचा बैल आहे."

सरांनी पेपर खाली ठेवला. तेवढ्यात बाईंनी फाइलमधून एक कागद काढला. निळी शाई, तुमची चितारलेली अक्षरं. मला लांबूनच ओळखू आली. त्यांनी विचारलं, "थावरा रूपसिंग राठोड कोण?"

तो नियम मला पाठ होता. एक क्षण वाटलं, म्हणावं, माहीत नाही. मग ते सत्तेचाळीस शेजार डोळ्यांपुढे आले. मी म्हणाले, "माझे आजोबा. त्यांनी काय लिहिलं आहे मला माहीत नाही, पण जे लिहिलं असेल ते मीच लिहिलं असं समजा. कारण माझ्या पेपरातलं इंग्रजी त्यांनीच शिकवलं आहे."

आणि पिशवीतून तुमची तेवीस पानं काढून टेबलावर ठेवली. पोती, डबे, प्रेमानंदकाका, दावण, तीन रेघांचा नियम, सगळं सांगितलं. पानं एकाकडून दुसऱ्याकडे गेली. त्या सरांनी पेन्सिल घेतली आणि तुमचं पत्र ओळीओळीने तपासलं. शेवटी मान वर करून म्हणाले, "मॅडम, एकही जोडी चुकलेली नाही."

मग बाईंनी ते पत्र मोठ्याने वाचलं. थंड व कोरड्या जागी ठेवावे, इथे एक जण हसू दाबताना खोकला. बाई हसल्या नाहीत. कागद खाली ठेवून म्हणाल्या, "नियम शिफारशीविरुद्ध आहे. ही शिफारस नाही. ही साठवणुकीची सूचना आहे, आणि बियाणं नीट साठवणं हेच तर या संस्थेचं काम आहे. नोंद घ्या आणि पुढे चला."

त्यावर मात्र सगळेच हसले.

दादा, माझं काम कुठे आहे माहीत आहे? बियाण्यांच्या भांडारात. वर्षभर गारवा, आत दमट हवा नाही, एकही खिडकी नाही. म्हणजे थेट ऊन नाहीच. तुम्ही मागितलं ते सगळं मंजूर झालं आहे.

त्यांनी तुमच्या पानांची प्रत मागितली. मी म्हणाले, मालकाला विचारून सांगते. निवडीच्या पत्राची झेरॉक्स सोबत पाठवते आहे. आणि तुम्हाला ओळखत नाही म्हणायला मला पुन्हा सांगू नका.

निता

*

तांडा, ३ फेब्रुवारी २०२५

नितू,

तू शेवटपासून सांगितलेस म्हणून मी वाचलो.

तुझे पत्र मी जीपमध्येच उघडले. गुलाबचंदने गाडी बाजूला घेतली, त्याला वाटले मला काही झाले. मी त्याला म्हणालो, हॉर्न वाजव. तो म्हणाला, "काहून?" मी म्हणालो, वाजव, मशीनच्या वेळेपेक्षा जास्त वाजव. तांड्यात शिरेपर्यंत त्याने हात काढला नाही. बाया धावत बाहेर आल्या. संध्याकाळी नगारा निघाला, दादी नाचली. तिने मला सगळ्यांसमोर विचारले, "मंगळवारी डोळ्यांच्या इलाजाला जाता न्हवं? झाला का इलाज?" तिला पहिल्या आठवड्यापासून माहीत होते. जीपच्या भाड्याला सुट्टे तीच खिशात ठेवत होती आणि मला वाटत होते मीच विसरलो.

तुझ्या बापूला सगळे सांगितले. ऐकून माझा ओमप्रकाश उठला. मग पोत्यांचा धुतलेला ढीग उचलून त्याने कोरड्या जागी नेऊन ठेवला.

प्रेमानंद पेढे घेऊन हिंगोलीहून आला. पानांच्या प्रती खुशाल दे, पण त्याचे नाव घालायला सांग. त्याने अर्थ दिले नसते तर माझ्याकडे नुसता शेजार होता.

शालूबाई त्या मशीनवर तुझ्यासाठी जाड कापडाचे जाकीट शिवते आहे. भांडारात गारवा असतो म्हणालीस, ते वाचल्यापासून काळजी लागली आहे. मी थंड जागा मागितली खरी, पण एवढी थंड मागितली नव्हती. कान झाकून काम कर.

रविवारी तांड्यातल्या सात पोरी वह्या घेऊन ओट्यावर येतात. पोती मधे पसरतो आणि शेजार शोधतो. काल एकीने दोनदा दिसलेली जोडी लिहिली. मी ती खोडायला लावली. तीन रेघांशिवाय नाही. त्यात मी कोणाची गय करत नाही.

पण तुझ्याजवळ कबूल करतो, माझ्या स्वतःच्या वहीत आज एक जोडी एकाच रेघेवर लिहिली आहे. तू पाठवलेल्या निवडीच्या पत्रात पहिल्याच ओळीत आहे. 'ग्रेट' आणि त्याच्या शेजारी 'प्लेझर'. साठ वर्षांत पहिल्यांदा नियम मोडला. प्रेमानंद शेजारीच बसला होता, पण त्याला अर्थ विचारला नाही.

तो माझा मलाच लागला.

थावरा रूपसिंग राठोड
सातवी नापास